दुपारचा भाव

एकतीस वर्षं मी लाईनमन होतो.
साकोलीपासून नवेगावच्या जंगलापर्यंत
कोणत्या खांबाला मुंगळे लागतात,
कोणता ओल धरली की झिणझिणतो,
तळहाताला पाठ आहे.
साहेबानं पहिल्या दिवशी एकच सांगितलं होतं :
हात कोरडे ठेव.

पळसटोल्यावरून मोठी लाईन जाते,
गुणगुणत, कुठल्या तरी लांबच्या शहराकडे,
खाली न बघता.
खाली आम्ही सुपानं वारा घ्यायचो.

आता पुतणी राजकन्या, आयटीआय झालेली,
शाळेच्या छतावर अठरा पॅनल मांडून बसली आहे.
निम्मी जुनी, एका पेट्रोलपंपानं काढून टाकलेली;
फोनवरच पाहिली, फोनवरच घासाघीस केली.
खांब नाही, शिडी नाही.
"मोठेबाबा, हे पाहा, आपल्या गावचं ऊन."
पडद्यावर एक डोंगर.
सातला पायथा, साडेबाराला शेंडा,
आणि त्याच्या पोटात गावाचा खर्च,
धुऱ्यासारखा बुटका.
"एवढं सांडून राहिलं," ती म्हणाली,
चुलीवर दूध उतू जावं तशा आवाजात.

मग तिनं भाव बदलला.
संध्याकाळचं युनिट अकरा रुपये,
दुपारचं तीन.
फोनवरून वीस रुपये टाकले की मीटर टुक करून जागं.
मी म्हटलं, विजेले कुठं वेळेचा भाव असते काय?
"वांग्याले असते ना," ती म्हणाली,
"बाजार उठताना?"

आधी आटाचक्की सरकली दुपारी.
मग अनसूया वलथरे आली,
ढिवरांच्या सोसायटीची,
पायाला मामा तलावाचा चिखल तसाच.
उभ्याउभ्याच विचारलं,
"तीन रुपयांत पाण्याचा दगड होते का वं?"

आइस्क्रीमवाल्याचा जुना फ्रीजर
बारा ते तीन घुरघुरतो.
पहाटे रोहू, मरळ त्या दगडांत निजून
भंडाऱ्याच्या खानावळीला जातात.
पैसे आधी, मासा नंतर.
सोसायटीतली पेटी बोलते :
दोनशे चाळीस रुपये मिळाले.
अनसूया तिला बोलकी म्हणते, रोज फडक्यानं पुसते.

हिशेब कुठं ठेवतेस, मी विचारलं.
"क्लाउडात."
म्हणजे?
"ढगात."
आपली वीज ढगाला भिते
आणि वही ढगातच?
"ते ढग वेगळे, मोठेबाबा."
असतील.
श्रावणात मात्र आमचेच आले, पाच दिवस हलले नाहीत.
डोंगराची वारुळं झाली.
मासळी पाळीवरच विकली, अर्ध्या भावात,
आणि बोलकी मुकाट बसून राहिली.

दिवाळीनंतर नागपूरहून एक जण आला,
नवी बॅटरी करणाऱ्या कंपनीचा.
वीज नको होती त्याला.
दीड वर्षाचे ते डोंगर हवे होते, वारुळांसकट;
कोण कधी चक्की लावते, बर्फ कधी फसतो, सगळं.
"ऊन तर फुकटच आहे ताई," तो म्हणाला.
राजकन्यानं चहा पुढं सरकवला.
"ऊन फुकट. मोजलं आमी."
चार बॅटऱ्या इथं लावा,
इथल्या उन्हात, इथल्या ओलीत,
अन् बिघडल्या तर काहून बिघडल्या ते आमालेबी कळवा.
तो विचारून सांगतो म्हणाला.
अजून विचारतोच आहे.

परवा फ्रीजरपाशी उभा होतो.
अनसूयानं लादी काढली,
धरा जरा म्हणून हातात दिली.
काल दुपारचं ऊन,
जड, निळसर, कोपऱ्यात एक खवला अडकलेला.
मनगटावरून पाणी कोपरापर्यंत आलं.
एकतीस वर्षांत ओल्या हातानं
वीज धरली नव्हती मी.

"ठेवा ना आता," ती म्हणाली,
"वितळून राहिली."